केसभर वाकडं

रसेल अ‍ॅक्रॉइड चुकला, असं म्हणायची संधी हॅलिफॅक्सच्या जुन्या संगणकांच्या क्लबात सहसा कुणाला मिळत नसे, आणि याचं सगळ्यांत जास्त दुःख कीथला होतं. कीथ त्याचा शाळेपासूनचा मित्र. मित्र म्हणायचं ते आपलं सवयीने. दोघांना एकमेकांशी धड बोलताना कुणी पाहिलं नव्हतं.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी मेथडिस्ट चॅपलच्या मागच्या हॉलमध्ये क्लब भरे. पन्नाशी-साठीतले पंधरा-वीस बाप्ये आपापल्या लहानपणीची यंत्रं काखोटीला मारून येत, ती उघडून बसत आणि चॅपलची किल्ल्यांवाली बाई दारात येऊन किल्ल्या खुळखुळवायला लागली की झाकणं लावून घरी जात. त्यातली निम्मी यंत्रं आणली तेव्हाच ठणठणीत असत. पण उघडल्याशिवाय करमतंय कुणाला? क्लबाचा नियम एकच होता: यंत्रांच्या टेबलावर चहाचा कप ठेवायचा नाही. ठेवला, तर पुढच्या महिन्याची बिस्किटं त्याच्याकडे. रसेलवर ती पाळी कधी आली नव्हती. नवीन आलेल्यांना तो जे धडे देई त्यात हा पहिला असे. दुसरा धडा असा, की कुठलाही स्क्रू हलवण्याआधी तो होता कुठे याची पेनाने खूण करून ठेवावी. "खूण नाही तर दुरुस्ती नाही," असं तो म्हणे, आणि म्हणताना चष्मा नाकावर खाली घेई.

त्या शनिवारी रसेल एकटा आला नाही. धाकटी बहीण लॉरेन बरोबर होती. क्लबाला ती म्हाताऱ्यांची बालवाडी म्हणायची, आणि आजवर तिने तिथे पाऊल टाकलं नव्हतं. आज मात्र ती आली, कोटही न काढता खुर्ची ओढून रसेलच्या शेजारी बसली.

"काय गं, तुला पण नाव घालायचंय का बालवाडीत?" कीथने विचारलं.

"आज पालकसभा आहे," लॉरेन म्हणाली. "याची प्रगती बघायला आलेय."

रसेल हसला नाही. त्याने पेटीतून घरचं जुनं यंत्र काढलं, त्याच्या शेजारी डिस्क ड्राइव्ह ठेवली, आणि शर्टाच्या खिशातून रुमालात गुंडाळलेली एक डिस्क काढली. डिस्कवरच्या चिठ्ठीवर शाळकरी अक्षरात लिहिलं होतं: आईचा आवाज.

त्याचं असं झालं होतं. वसंतात वडील जिने नसलेल्या छोट्या घरात राहायला गेले, आणि जुनं घर रिकामं करताना हे यंत्र माळ्यावर सापडलं. रसेल तेरा-चौदा वर्षांचा असताना त्याला आवाज पकडणारी एक डबी वाढदिवसाला मिळाली होती. यंत्राला डबी लावायची, डबीला माइक, की चार-पाच सेकंदांचं बोलणं डिस्कवर साठवता येई. त्याने पहिल्यांदा आईला बोलायला लावलं. पुढच्याच वर्षी आई गेली. लॉरेन तेव्हा सहा वर्षांची होती.

माळ्याच्या शिडीवर बसून लॉरेनने ती डिस्क हातात धरली, आणि इतक्या वर्षांत कधी बोलली नव्हती ते बोलली. "मला तिचा आवाजच आठवत नाही रे. चेहरा फोटोत आहे. आवाज म्हटला की तुझी नक्कल आठवते, बस."

ही नक्कल म्हणजे अ‍ॅक्रॉइडांच्या घरची दर ख्रिसमसची ठेवणीतली करमणूक. जेवणं झाली की रसेल उभा राही, छाती फुगवी, आणि एखाद्या जाड्या हवालदाराच्या आवाजात "कोण रे ते चिखलाचे बूट घालून आत आलं?" असं गरजे. सगळे पोट धरून हसत. लॉरेनही हसे. त्या हसण्याखाली काय होतं ते रसेलला शिडीपाशी कळलं, आणि त्याला फार वाईट वाटलं. तो म्हणाला, "ऐकवतो तुला. ही ड्राइव्ह मी नव्यासारखी करतो, बघच तू."

आणि केलीही. आतला रबरी पट्टा वितळून त्याची काकवी झाली होती, ती खरवडून नवा पट्टा घातला. डिस्क वाचणारं हेड स्पिरिटने पुसलं. मग ते हेड केसभर सरकलेलं आढळलं, तेही त्याने मोजमापाची खास डिस्क लावून अगदी जागच्या जागी आणलं. दुकानातून विकत आणलेले जुने सगळे खेळ फटाफट चालू लागले. फक्त आईची डिस्क चालेना. हेड थोडं पुढे जाई, अडखळे, खडखड करत मागे येई, पुन्हा जाई, पुन्हा खडखड. शेवटी पडद्यावर अक्षरं उमटत: डिस्क वाचता येत नाही.

"डिस्कच मेली असणार," हे रसेलचं निदान. "तेव्हा आपण बाजारात गठ्ठ्याने मिळणाऱ्या स्वस्तातल्या डिस्का आणायचो. माळ्यावर दमट हवा. माझ्या हातच्या इतर डिस्कांना तर बुरशीच आली होती."

"ड्राइव्ह नीट केलीस ना पण तू?" लॉरेनने विचारलं होतं.

"कारखान्यातून आली तेव्हा नसेल इतकी नीट आहे."

तरी मन मानेना, म्हणून आज तो क्लबात आला होता. अगदी तसलंच यंत्र, तसलीच ड्राइव्ह कीथकडे होती. कीथपुढे हात पसरायचा म्हणजे रसेलच्या जिवावर आलं होतं.

"एकदा तुझ्या ड्राइव्हमध्ये लावून बघू का?"

कीथने ऐकू न आल्यासारखं केलं. "काय म्हणालास?"

"ऐकलंस तू."

"ऐकलं. पण पुन्हा ऐकायला बरं वाटेल."

लॉरेन म्हणाली, "कीथ, मी विचारते. लावू दे." कीथ लगेच उठून बाजूला झाला. डिस्क आत गेली. हेड पुढे गेलं, अडखळलं, खडखड करत मागे आलं. पडद्यावर तीच अक्षरं. रसेलने डिस्क घाईने बाहेर काढली, कापसाच्या काडीने हेड पुसलं आणि काडी उजेडात धरली. तिच्या टोकाला तपकिरी पूड लागली होती.

"ही पूड म्हणजेच ती डिस्क आहे," तो हलक्या आवाजात लॉरेनला म्हणाला. "प्रत्येक वेळी थोडी खरवडली जाते. अजून एकदा लावता येईल. फार तर दोनदा. मग त्यावर काहीच उरणार नाही."

लॉरेन कोटाच्या बाहीचं बटण फिरवत राहिली. रसेलला वाटलं, यापेक्षा तिने चार टोमणे मारले असते तर बरं होतं.

बोलला तो कीथ, आणि त्याला यातलं काहीच ठाऊक नसल्यामुळे अगदी मजेत बोलला. "रसेल अ‍ॅक्रॉइडची डिस्क माझ्या यंत्रावर चालली नाही! यात नवीन काय ते सांगा. शाळेत असताना मी याला माझा सायकलचा दिवा दिला, चांगला डायनॅमोवाला. त्याबदली याने मला दूधवाल्याचा खेळ स्वतःच्या यंत्रावर उतरवून त्याची डिस्क दिली. घरी जाऊन लावतो तर खडखड! दुसऱ्या दिवशी शाळेत विचारलं, तर म्हणतो, तुझी ड्राइव्ह भिकार आहे."

"होतीच भिकार," रसेल सवयीने म्हणाला.

"बाकी सगळ्यांच्या डिस्का चालायच्या तिच्यात! एक तुझीच नाही. तेव्हापासून बिनदिव्याच्या सायकलवरून..."

कीथचं गाऱ्हाणं पुढे चालू राहिलं. ते क्लबात सगळ्यांना पाठ होतं. पण रसेलचं तिकडे लक्ष नव्हतं. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग लॉरेनकडे वळून म्हणाला, "आईने व्हॅक्यूम फिरवताना टेबलाला धडक दिली होती, ते आठवतं का गं तुला?"

"मला कसं आठवेल? मी गुडघ्याएवढी होते."

"ड्राइव्ह खाली पडली होती. मी रडून घर डोक्यावर घेतलं. आईने ती उचलली, एप्रनने पुसली, परत लावली, आणि म्हणाली, चालतंय ना? मग झालं तर. आणि चालत होती खरंच."

"बरं मग?"

"मग कुठलं बरं? चालत होती, पण वाकडी चालत होती."

लॉरेनचा चेहरा कोरा राहिला, तसं त्याने बोटाने टेबलावर गोल काढून दाखवले. डिस्कवर अशी न दिसणारी गोल कडी असतात. हेड कड्याच्या बरोबर मधोमध चालायला हवं. त्या पडण्याने हेड केसभर सरकलं. दुकानातल्या डिस्का तरीही चालून गेल्या, त्यांच्यात तेवढी सूट असते. पण त्यानंतर रसेलने स्वतः ज्या डिस्का भरल्या, त्यांची कडीच केसभर सरकून आखली गेली. वाकड्या हेडला ती बरोबर सापडत. सरळ हेडच्या ती अर्धीमुर्धीच हाती लागत. म्हणून कीथच्या घरी खडखड. आणि म्हणून आता, कारखान्यातून आली तेव्हा नव्हती इतकी नीट झालेल्या ड्राइव्हवरही खडखड.

लॉरेनने सगळं नीट ऐकून घेतलं. "म्हणजे डिस्क मेलेली नाही."

"नाही."

"ड्राइव्ह तू नीट केलीस, म्हणून बिघडली."

"तसं म्हणता येईल."

"मी तसंच म्हणतेय."

कीथच्या चेहऱ्यावर हळूहळू असा काही आनंद पसरत गेला, की शेजारच्या टेबलावरचे दोघं उठून बघायला आले. "म्हणजे माझी ड्राइव्ह भिकार नव्हती," तो म्हणाला. "तुझी होती."

"कीथ, आत्ता नको."

"आत्ता नको तर कधी? मी मेल्यावर?"

"तुझी चांगली होती," रसेल म्हणाला. "माझी वाकडी होती. झालं समाधान?"

"थोडं जोरात बोल. मागच्यांना ऐकू आलं नाही."

लॉरेनने हात वर केला तसे दोघं थांबले. "ती परत वाकडी कर," ती म्हणाली. "पहिल्यासारखी."

रसेलचे कान लाल झाले. हेड धरणाऱ्या छोट्या मोटरचे स्क्रू त्यानेच सोडले होते आणि त्यानेच आवळले होते. आधी ती कुठे होती याची खूण केली नव्हती. जागा चुकीचीच आहे म्हटल्यावर तिची खूण कशाला करायची, असं त्याला वाटलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही गोष्ट सगळ्या क्लबासमोर सांगणं त्याला दात उपटून घेण्याहून जड गेलं, पण बहिणीकडे बघून त्याने सांगितली.

हसं व्हायचं ते झालंच. हॉलमधल्या एकाने तर बसल्या जागी चष्मा नाकावर खाली घेतला आणि "खूण नाही तर दुरुस्ती नाही" म्हणून दाखवलं.

"होऊ दे हसून," लॉरेन म्हणाली. "आता उपाय सांग."

"हेड थोडं थोडं सरकवत जायचं, आणि दर वेळी डिस्क लावून बघायची. जमेपर्यंत. दहादा लागेल, वीसदा लागेल. पण आईची डिस्क एवढ्यांदा लावता येणार नाही. त्याच वाकड्या हेडने भरलेली दुसरी डिस्क हवी, झिजली तरी चालेल अशी. आणि माझ्या सगळ्या बुरशीने गेल्या."

हे बोलून झाल्यावर त्याने मान फिरवली. लॉरेननेही फिरवली. दोघं कीथकडे बघू लागले.

"कीथ," रसेल म्हणाला, "ती दूधवाल्याची डिस्क... तू फेकून दिली असशील ना?"

"फेकून?" कीथला ते लागलं. "पुरावा आहे तो! कपाटात ठेवलाय, कोरड्या जागी, डब्यात."

तो दोन गल्ल्या पलीकडे राहत होता. गेला आणि धापा टाकत परत आला. लॉरेनने तोवर हॉलला लागून असलेल्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाऊन सगळ्यांचा चहा ओतला होता. "रसेल, चहा गार होतोय हं," तिने तिथून हाक मारली. रसेलने मान वर केली नाही. तो स्क्रू ढिले करण्यात गुंतला होता. शेवटी तिनेच कप त्याच्या हातात आणून दिला.

मग सुरू झाली ती रसेलच्या आयुष्यातली सगळ्यांत लाजिरवाणी दुरुस्ती. इतके शनिवार-रविवार खपून सरळ केलेलं हेड तो आपल्या हाताने वाकडं करत होता. मोटर नखाच्या काळ्याएवढी आत फिरवायची, कीथची डिस्क लावायची, कान द्यायचा. खडखड. आणखी आत. जास्तच खडखड. मग उलटीकडे. सगळा क्लब भोवती जमला होता, आणि तिथे सल्ल्यांना तोटा नव्हता.

"अजून थोडं बिघडव," कीथ म्हणे. "तुझ्या हाताला जमेल ते. लहानपणीचं कौशल्य आहे."

"आई एका झटक्यात करायची," लॉरेन म्हणाली. "व्हॅक्यूम आणू का?"

रसेलने ओठ आवळले, पण त्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. बाहेरच्या बाजूला आणखी जरासं फिरवल्यावर हेडचा आवाज बदलला. खडखड एकदाच झाली. त्याने श्वास रोखून आणखी एवढंसं ढकललं. या वेळी ड्राइव्ह मांजर गुरगुरावं तशी एकसारखी गुरगुरत गेली, आणि पडद्यावर पिवळी गाडी घेतलेला दूधवाला उभा राहिला.

रसेलने ताबडतोब पेन काढला आणि मोटरच्या कडेला खूण केली. मग तो आईच्या डिस्ककडे हात नेणार, तोच कीथने त्याचं मनगट धरलं.

"थांब. आधी मी खेळणार."

"कीथ!"

"माझा दिवा गेलाय त्यात!"

"खेळू दे त्याला," लॉरेन म्हणाली. "मी इतकी वर्षं थांबलेय, अजून थोडी थांबेन." कीथ बसला. दूधवाल्याने दोन दारांत बाटल्या ठेवल्या आणि तिसऱ्या दारात कुत्र्याने त्याचा निकाल लावला. तीनही जीव असेच गेले. कीथ खुर्चीला टेकला आणि खिन्नपणे म्हणाला, "खेळही भिकारच होता की रे." मग कुणी काही म्हणायच्या आत सगळ्यांचे रिकामे कप गोळा करून तो धुवायला निघून गेला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, असं शेजारचे लोक पुढे सांगत. तो अर्थात नाही म्हणतो.

रसेलने हेड पुन्हा स्पिरिटने पुसलं. आईची डिस्क रुमालातून काढली, आत घातली, आणि हात मांडीवर ठेवून बसला. लॉरेनने आता कोट काढला होता. का कोण जाणे, ती उभी राहिली.

ड्राइव्ह गुरगुरत निघाली. मध्येच एकदा खडखडली. रसेलने डोळे मिटले. हेड मागे आलं, पुन्हा त्याच जागी गेलं, पुन्हा खडखडलं. तिसऱ्यांदा गेलं, आणि या वेळी पार झालं. गुरगुर थांबली. पडद्यावर एक ओळ आली: कळ दाबा.

त्याने लॉरेनकडे बघितलं. तिने बोट पुढे केलं आणि कळ दाबली.

आधी खरखर आली. मग त्या खरखरीतून, जुन्या रेडिओवर दूरचं स्टेशन लागावं तसा, एका बाईचा आवाज आला. "लागलं का रे ते? मी काय बोलू यात?" जरा थांबून, हसत, "रसेल, चहा गार होतोय हं."

मोरीपाशी पाण्याचा नळ चालू होता. पाठमोरा कीथ कप विसळता विसळता ओरडला, "येतोय गं तो, लॉरेन! किती घाई करशील?"

कीथने नळ बंद केला, वळून बघितलं. सगळे लॉरेनकडे बघत होते, आणि लॉरेनचं तोंड मिटलेलं होतं.

"बोलली नाहीस तू?" कीथने विचारलं.

लॉरेनने मानेनेच नाही म्हटलं. तिने पुन्हा कळ दाबली. आवाज आता यंत्राच्या आत आला होता, डिस्कची गरज उरली नव्हती. पुन्हा ती खरखर, तेच हसणं, तोच 'हं'ला दिलेला हेल. आवाज हवालदाराचा नव्हता. जाड नव्हता, दरडावणारा नव्हता. तो लॉरेनचा होता. दुसऱ्या कुणाचा म्हणायची सोयच नव्हती.

"हा तर माझा आहे," लॉरेन म्हणाली, आणि स्वतःचेच शब्द ऐकून तिने तोंडावर हात ठेवला. मग ती खाली बसली, आणि रडू लागली, आणि रडता रडता हसू लागली. "आणि तू! दर ख्रिसमसला ते गाढवासारखं गरजायचास!"

"मला तसाच आठवायचा गं," रसेल म्हणाला. त्याचाही आवाज फुटत होता. "खरंच."

"मग मी रोज फोनवर बोलते, तेव्हा तुला काय ऐकू येतं?"

रसेलने प्रामाणिकपणे विचार केला. "तू ओरडतेयस, असं."

"तीही ओरडतच होती, मूर्खा."

तिने आपल्या फोनवर तो आवाज उतरवून घेतला, आणि तरीही पुन्हा पुन्हा कळ दाबत राहिली. कुणी तिला थांबवलं नाही. दारात किल्ल्या खुळखुळल्या, तेव्हा कीथने जाऊन त्या बाईला थोपवून धरलं आणि वर तिलाच चहा पाजला.

शेवटी यंत्र बंद झालं. रसेलने ड्राइव्हचं झाकण लावायला घेतलं, तसं कुणीतरी सहज म्हणालं, आता हेड सरळ करून टाक, खूण तर केलीसच आहेस. रसेलने चिकटपट्टी घेतली, झाकणावर लावली आणि तिच्यावर लिहिलं: वाकडी आहे. सरळ करू नये.

लॉरेन चेहरा धुवायला स्वयंपाकघरात गेली होती. किटलीत थोडा चहा उरला होता, तो तिने दोन कपांत ओतला. मग ती जराशी थांबली. खिडकीतून वाकली, आणि या वेळी स्वतःकडे कान देत, सावकाश, हाक मारली.

"रसेल, चहा गार होतोय हं."

"आलो, आई," रसेल म्हणाला आणि उठला.

कीथची नजर टेबलावर गेली. ड्राइव्हच्या अगदी शेजारी रसेलचा मघाचा कप होता, अर्धा भरलेला, गार झालेला. कीथने तो हळूच उचलला.

"बिस्किटं," तो म्हणाला. "क्रीमवाली आण."